फ्लॅशचा प्रकाश शटरने कमी होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील छायाचित्रणाच्या सदरात कॅमेऱ्यापासून वेगळा, स्टँडवर लावलेला फ्लॅश कसा वापरावा यावर लेख आला आहे. साहित्याची ओळख त्यात नेटकी करून दिली आहे. मात्र एक्सपोजरच्या, म्हणजे फोटोत किती प्रकाश येऊ द्यायचा, त्या भागातली तीन विधाने चुकीची आहेत आणि नेमकी तीच चौकटीत ठळक छापली आहेत. पहिले, ‘चेहरा फार पांढरा आला तर शटर स्पीड वाढवा.’ दुसरे, ‘प्रकाश कमी-जास्त करण्यासाठी स्टँड मागे-पुढे सरकवा.’ तिसरे, ‘हालचाल गोठवायची असेल तर फ्लॅश फुल पॉवरवर ठेवा.’ चौकट कापून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवणारे वाचक असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन एक्सपोजर एकावर एक बसलेली असतात. एक फ्लॅशचे, दुसरे जागेवरच्या प्रकाशाचे, मग तो उन्हाचा असो, खिडकीतला असो की दिव्यांचा. जागेवरचा प्रकाश सतत येत असतो, म्हणून शटर जितका वेळ उघडे तितका तो साठत जातो. फ्लॅशचे तसे नाही. सेलवर चालणाऱ्या छोट्या फ्लॅशचा झोत फुल पॉवरलाही सेकंदाच्या काही सहस्रांश भागात आटोपतो. शटर १/६० सेकंद उघडे राहो की १/२०० सेकंद, तेवढ्यात झोत येऊन गेलेला असतो. त्यामुळे १/६० चे १/२०० केले की मागची भिंत, खिडकी, दिवे काळवंडतात. फ्लॅशने उजळलेला चेहरा जवळपास तसाच राहतो. जो थोडा फरक पडतो तो चेहऱ्यावर पडलेला जागेवरचा प्रकाश घटल्यामुळे. म्हणजे चेहरा पांढरा पडला म्हणून लेखातला उपाय करणाऱ्याला पांढरा चेहरा आणि काळी भिंत असा फोटो मिळेल, आणि मग तो फ्लॅशला दोष देईल.

याची खात्री पाच मिनिटांत करता येते. दिवे लावलेल्या खोलीत कोणाला तरी भिंतीपासून तीनेक मीटर पुढे बसवावे, कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही मॅन्युअलवर ठेवावे आणि बाकी कशालाही हात न लावता १/२००, १/१००, १/५०, १/२५ असे चार फोटो काढावेत. चारही शेजारी ठेवून पाहिले की भिंत पायरीपायरीने उजळत गेलेली आणि चेहरा जवळजवळ होता तसाच दिसेल. अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार; एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) मात्र दोन्ही एक्सपोजरना एकदमच हलवतात. फक्त फ्लॅश हलवायचा तर हातात राहतात त्याची पॉवर आणि त्याचे अंतर.

शटर वाढवत नेले तर पुढे वेगळाच घोटाळा होतो. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो की अख्खा सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश त्याच क्षणी पेटतो. हाच सिंक स्पीड. त्यापुढे गेले की पहिला पडदा पुरता उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो, सेन्सरवरून नुसती फट सरकत जाते आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. कॅमेरा उभा धरला असेल तर हाच पट्टा डावी-उजवीकडे दिसतो आणि तो ट्रिगरचा, म्हणजे कॅमेऱ्याकडून फ्लॅशला पेटण्याचा संदेश देणाऱ्या उपकरणाचा, दोष वाटतो. रेडिओ ट्रिगरमध्ये संदेश पोहोचायला किंचित उशीर होतो. त्यामुळे १/२५० चा कॅमेरा असूनही कडेला पुसट सावली आली, तर आधी १/२०० आणि मग १/१६० करून पाहावे. पट्टा काळ्या बॅकग्राउंडवर दिसतच नाही, म्हणून चाचणी पांढऱ्या भिंतीवर घ्यावी.

आता पॉवरकडे. फ्लॅशच्या पडद्यावर १/१, १/२, १/४, १/८, १/१६, १/३२, १/६४, १/१२८ अशी उतरंड असते. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा. फुलपासून १/१२८ पर्यंत सात स्टॉप होतात. अपूर्णांक पाहून अनेकांना वाटते की १/१ वरून १/२ ही मोठी उडी आणि १/६४ वरून १/१२८ म्हणजे नगण्य फरक. फोटोत दोन्ही सारख्याच. मधल्या पायऱ्या +०.३ आणि +०.७ अशा दिसतात. काही ट्रिगरवर अपूर्णांकांऐवजी १० पर्यंतचे आकडे असतात. तिथे १० म्हणजे फुल, ९ म्हणजे अर्धी, ८ म्हणजे पाव. या हिशेबाने ५ ही अर्धी पॉवर नव्हे, ती १/३२ आहे! आकडा अर्धा करून प्रकाश अर्धा होईल असे समजणाऱ्याचा फोटो पाच स्टॉपने अंधारा येतो.

किती पॉवर लागेल याचा अंदाज गाइड नंबरवरून येतो. गाइड नंबर म्हणजे अ‍ॅपर्चर गुणिले अंतर, मीटरमध्ये, आयएसओ १०० ला. नंबर ४० असेल तर ५ मीटरवर एफ ८, १० मीटरवर एफ ४. खोक्यावर छापलेला ६० वगैरे आकडा सहसा फ्लॅशचे डोके २०० मिमी झूमवर असतानाचा असतो. ३५ मिमीला तोच फ्लॅश चाळिशीच्या आसपास येतो. आकडा फुटांत दिला असेल तर ३.२८ ने भागावे. पॉवर पाव केली की नंबर निम्मा होतो, आयएसओ चौपट केला की दुप्पट. प्रकाश मऊ करणारी कापडी अंब्रेला (छत्री) किंवा सॉफ्टबॉक्स (कापडी पेटी) लावला की साधारण दोन स्टॉप खर्ची पडतात, म्हणजे ४० चे २० धरावेत. अंतर मात्र कापडापासून मोजायचे, फ्लॅशच्या डोक्यापासून नव्हे.

एक हिशेब मांडतो. खोलीतले दिवे फोटोत यायला हवेत. आधी फ्लॅश बंद ठेवून आयएसओ ४००, एफ ५.६, १/६० ला फोटो काढला आणि खोली एखाद स्टॉपने अंधारी, पण छान दिसली. हे आकडे आता हलवायचे नाहीत. अंब्रेला चेहऱ्यापासून १.८ मीटरवर आहे. लागणारा नंबर ५.६ गुणिले १.८, म्हणजे १०. उपलब्ध नंबर अंब्रेलातून २०, आयएसओ ४०० मुळे ४०. चाळिसावरून दहावर यायला चार स्टॉप कमी करायचे, म्हणून १/१६. पहिला फोटो १/१६ ला काढावा आणि स्क्रीन पाहून एखादी पायरी इकडेतिकडे करावी. गणित पाऊण स्टॉपने चुकतेच, कारण अंब्रेलाचे कापड आणि भिंतींवरून परतणारा प्रकाश त्यात धरलेला नाही. पण अंदाज नसेल तर माणूस फुल पॉवरवर सुरू करतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि पुढचे दहा फोटो मिटलेल्या पापण्यांचे येतात.

क्रम महत्त्वाचा: आधी जागेवरचा प्रकाश, मग फ्लॅश. उलटे केले तर बॅकग्राउंड जुळवण्यासाठी अ‍ॅपर्चर हलवावे लागते आणि जमलेला फ्लॅश पुन्हा बिघडतो.

दुसऱ्या विधानाकडे येतो. स्टँड मागे नेला की प्रकाश कमी होतो हे खरे, पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी बदलतात आणि लेखात त्यांचा उल्लेखच नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. १, १.४, २, २.८, ४ मीटर या प्रत्येक टप्प्याला एकेक स्टॉप जातो. आकडे अ‍ॅपर्चरचेच असल्यामुळे लक्षात राहतात. दोन रांगांत बसलेल्या लोकांचा फोटो घ्या. फ्लॅश पुढच्या रांगेपासून १ मीटरवर आणि मागची रांग २ मीटरवर असेल, तर मागचे लोक दोन स्टॉपने काळे येणार; पॉवर कितीही वाढवली तरी फरक तेवढाच राहणार. तोच फ्लॅश ४ मीटरवर नेला तर मागची रांग ५ मीटरवर पडते आणि फरक पाऊण स्टॉपच्या आत येतो. त्याची किंमत चार स्टॉप पॉवर, म्हणजे १/३२ चा १/२ करावा लागेल.

उलट बाजूही पाहू. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि समोरची व्यक्ती हसताना ३० सेंटीमीटर पुढे झुकली. अंतर ०.७ मीटर झाले, चेहऱ्यावर अख्खा एक स्टॉप जास्त पडला आणि कपाळ पांढरे झाले. फ्लॅश ‘अधूनमधून जास्त पेटतो’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बऱ्याचदा माणूस हललेला असतो, फ्लॅश नव्हे. शरीर हलणार असेल तर दिवा दोन मीटरवर न्यावा. तिथे तेच ३० सेंटीमीटर अर्ध्या स्टॉपच्या आत सांभाळले जातात.

शिवाय अंतराने प्रकाशाचा पोत बदलतो. ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स मीटरभरावर असताना नाकाच्या सावलीची कड गालावर विरघळून जाते. तोच तीन मीटरवर नेला की कड कापल्यासारखी तीक्ष्ण होते आणि कातडीवरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. म्हणून अंतर सावलीसाठी ठरवावे आणि बॅकग्राउंड किती काळे हवे त्यासाठी ठरवावे, मग उरलेला हिशेब पॉवरच्या बटणाने पुरा करावा. स्टँड सरकवून एक्सपोजर जुळवणे म्हणजे भाजीत मीठ जास्त झाले म्हणून पातेले बदलण्यासारखे आहे. याला अपवाद एकच. पॉवर १/१२८ वर आली तरी प्रकाश जास्त असेल, तर अंतर वाढवणे किंवा फ्लॅशच्या डोक्यावर पांढऱ्या रुमालाची घडी घालणे हे दोनच मार्ग उरतात. एक पदर साधारण एक स्टॉप खातो.

उन्हातल्या फ्लॅशबद्दल लेखात एकच ओळ आहे, ‘हाय स्पीड सिंक वापरा’. उन्हाचा हिशेब पक्का आहे: आयएसओ १०० आणि १/१०० ला एफ १६, म्हणून १/२०० ला एफ ११. अंब्रेलातून नंबर २० धरला तर फुल पॉवरवर २० भागिले ११, म्हणजे १.८ मीटरवर फ्लॅश उन्हाची जेमतेम बरोबरी करतो. आकाश एका स्टॉपने गडद हवे असेल तर एफ १६ लागेल आणि अंब्रेला सव्वा मीटरवर आणावी लागेल, फ्रेमच्या अगदी कडेला. अंब्रेला काढून उघडा फ्लॅश वापरला तर २.५ मीटर मिळतात. एकाच अंब्रेलात दोन फ्लॅश लावले तर एक स्टॉप वाढतो. दुसरा स्टॉप हवा असेल तर तिसरा फ्लॅश पुरत नाही, चार लागतात.

हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एक झोत न टाकता फट सरकत असेपर्यंत तुटक-तुटक लुकलुकत राहतो, म्हणजे शटरच्या दृष्टीने तो सतत जळणाऱ्या दिव्यासारखा होतो. त्या मोडमध्ये शिरतानाच साधारण दोन स्टॉप जातात आणि इथून पुढे शटर वाढवले की फ्लॅशही कमी होत जातो. लेखातले पहिले विधान खरे ठरते ते फक्त या एका ठिकाणी; कदाचित गोंधळ इथूनच आला असावा. एफ २.८ साठी शटर १/३२०० वर नेले तर अ‍ॅपर्चरने दिलेले चार स्टॉप शटर परत घेते आणि आत शिरतानाचा तोटा वर राहतो. म्हणजे हाय स्पीड सिंकने उन्हाविरुद्ध ताकद वाढत नाही, उलट घटते. त्याचा फायदा एकच, मोकळे अ‍ॅपर्चर आणि धूसर बॅकग्राउंड. तेच हवे असेल तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावून १/२०० ला एफ २.८ वापरता येतो. फिल्टर फ्लॅशही चार स्टॉपने कमी करतो, पण अ‍ॅपर्चर तेवढेच परत देते, त्यामुळे फ्लॅश आणि ऊन यांचे प्रमाण एफ ११ ला होते तसेच राहते. अडचण एवढीच की फिल्टरमधून फोकस कधी कधी चाचपडतो.

फुल पॉवरचा मोह टाळावा याला आणखी एक कारण आहे. झोत गेल्यावर फ्लॅशमधून बारीक शीळ ऐकू येते. तेव्हा कपॅसिटर, म्हणजे झोतासाठी वीज साठवणारा भाग, भरत असतो. मग लाल दिवा लागतो आणि आपण तयार समजतो. बऱ्याच फ्लॅशमध्ये हा दिवा कपॅसिटर काठोकाठ भरण्याआधीच लागतो. त्या क्षणी फुल पॉवरवर फोटो काढला तर तो थोडा अंधारा येतो, पुढचा घाईत काढलेला आणखी अंधारा, आणि सगळा दोष सेटिंगवर जातो. दिवा लागल्यावर एक-दोन सेकंद थांबावे. त्याहून बरे म्हणजे आयएसओ १०० चा ४०० करून पॉवर १/४ वर आणावी. फोटोत तोच प्रकाश, पण एका भरणीत चारेक झोत मिळतात आणि कपॅसिटर कधीच रिकामा होत नाही. जागेवरचा प्रकाश आयएसओमुळे वाढेल, तो शटरने खाली आणता येतो, सिंकची मर्यादा येईपर्यंत. सेल रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचेच घ्यावेत. त्यांचा व्होल्टेज साध्या अल्कलाइनपेक्षा कमी दिसतो, पण ते झटक्यात जास्त करंट देतात. चारही एकाच वयाचे आणि एकदम चार्ज केलेले असावेत. एक दमलेला सेल उरलेल्या तिघांना खाली ओढतो. सलग फुल पॉवरचे वीस-तीस झोत टाकले की फ्लॅशचे डोके तापते, चांगला फ्लॅश स्वतःच वेग कमी करतो आणि स्वस्तातल्याची पुढची प्लास्टिकची काच पिवळी पडते.

टीटीएलबद्दल लेखक फार आशावादी आहेत. टीटीएलमध्ये खऱ्या झोताआधी एक छोटा झोत जातो, लेन्समधून परत आलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि पॉवर ठरवतो. समोर काळा कोट असेल तर प्रकाश कमी परततो आणि कॅमेरा पॉवर वाढवतो. पांढरा शर्ट असेल तर उलटे. एकाच माणसाचे फ्रेम बदलत काढलेले पाच फोटो पाच प्रकारचे येऊ शकतात. अंतर सतत बदलत असेल, चालत्या माणसामागे धावायचे असेल, तर टीटीएल उपयोगी आहे. काळ्या कपड्यांना फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या पॉवरमध्ये आपण केलेली घट-वाढ) उणे, पांढऱ्याला अधिक. बसलेल्या माणसासाठी मॅन्युअलच बरे. अनेक ट्रिगरवर टीटीएलने मिळालेला आकडा एका बटणाने मॅन्युअलमध्ये बदलता येतो, ती सोय वापरावी. अ‍ॅपर्चर बदलूनही चेहरा तसाच राहतो असे आढळले, तर फ्लॅश टीटीएलवर राहून गेला आहे असे समजावे. आणि फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा झोत पाहून, पेटवत असाल, तर एस १ मध्ये तो आधीच्या छोट्या झोतालाच पेटून मोकळा होतो. टीटीएल कॅमेऱ्यासोबत एस २ निवडावा.

आता किरकोळ पण रोज छळणाऱ्या गोष्टी. ऑटो आयएसओ बंद करावा, नाहीतर तो आपल्या नकळत फ्लॅश आणि खोली दोन्ही उचलतो. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक ठिकाणी फ्लॅश पेटतच नाही. स्क्रीन काळीकुट्ट दिसत असेल तर एक्सपोजरचा परिणाम दाखवण्याची सोय मेनूतून बंद करावी. कॅमेऱ्याला पुढे फ्लॅश पेटणार हे माहीत नसते. मीटरची सुई उणेकडे दिसली तरी घाबरू नये, ती फक्त जागेवरचा प्रकाश सांगते. ट्रिगर आणि फ्लॅश यांचा चॅनल एक हवा आणि ग्रुप ट्रिगरवर चालू हवा. ग्रुप ‘बी’ची पॉवर बदलत बसायचे आणि फ्लॅश ‘ए’वर, हा प्रकार चांगल्या-चांगल्यांच्या हातून होतो. फ्लॅशच्या डोक्याचा झूम ऑटोवर राहिला तर कॅमेऱ्याच्या लेन्सबरोबर तो बदलू शकतो आणि पॉवरला हात न लावता प्रकाश बदलतो. अंब्रेलासाठी तो २४ ते ३५ मिमीवर हाताने लावून ठेवावा.

फोटो बरोबर आला की नाही, हे कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहून ठरवू नये. अंधाऱ्या खोलीत पडदा लखलखीत दिसतो, उन्हात फिका. त्याची ब्राइटनेस मधोमध कायम ठेवावी, जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू करावी आणि कपाळ व नाकाचे टोक पाहावे. तिथे ठिपका लुकलुकला तर १/३ ते २/३ स्टॉप कमी करावा. बॅकग्राउंड काळे असेल तर हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा, ढीग डावीकडे राहणारच, तो फोटोचा दोष नव्हे. फ्लॅश मीटर (झोताचा प्रकाश मोजणारे हातातले उपकरण) असेल तर आयएसओ आणि शटर त्यात भरून हनुवटीखाली धरावा, पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे. एफ ८ दाखवले आणि कॅमेरा एफ ५.६ वर असेल, तर पॉवर एक पायरी खाली. दोन दिव्यांतला फरक मोजायचा असेल तर दोन्ही आळीपाळीने एकटे पेटवून, घुमट त्या-त्या दिव्याकडे वळवून मोजावे. मुख्य दिवा एफ ८ आणि सावलीकडचा एफ ४ म्हणजे दोन स्टॉपचा फरक. चेहऱ्याला आकार येतो आणि सावलीतला डोळाही हरवत नाही.

रंगाचा जेल, म्हणजे फ्लॅशसमोरचा रंगीत पारदर्शक कागद, लावला की पॉवर पुन्हा मोजावी लागते. पिवळ्या दिव्यांशी जुळवून घेणारा पूर्ण नारिंगी जेल सुमारे दोन तृतीयांश स्टॉप खातो. १/८ वर जमले असेल तर १/८ +०.७ करावे आणि व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनच्या जवळ आणावा. फुल पॉवरवर जेल थेट काचेला चिकटवू नये, तो वितळतो.

राहिले तिसरे विधान. छोट्या फ्लॅशमध्ये पॉवर कमी करणे म्हणजे झोत मंद करणे नव्हे, तर तो लवकर तोडणे. आतली स्विच ट्यूबचा प्रवाह मध्येच खंडित करते. त्यामुळे १/१ ला झोत सर्वांत लांब असतो आणि १/३२, १/६४ ला सेकंदाच्या काही दहा हजाराव्या भागाइतका आखूड होतो. पाण्याचा थेंब गोठवायचा तर फ्लॅश १/३२ वर आणावा, खोली अंधारी ठेवावी आणि कमी पडलेला प्रकाश अंतर घटवून किंवा दुसरा फ्लॅश जोडून भरून काढावा. अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट याच तत्त्वावर गोठला आहे. तिथे हालचाल पकडली ती आखूड झोताने. स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांत मात्र सावध राहावे. त्यांतील अनेक दिवे व्होल्टेज घटवून पॉवर कमी करतात आणि त्यांचा झोत कमी पॉवरला उलट लांबतो, शिवाय किंचित पिवळसरही होतो. आपला दिवा कोणत्या प्रकारचा आहे हे माहितीपत्रकातल्या फ्लॅश ड्युरेशनच्या तक्त्यात कळते. तिथे टी ०.५ आणि टी ०.१ असे दोन आकडे असतात. गोठवण्यासाठी टी ०.१ पाहावा, कारण टी ०.५ फक्त झोताचा जोरकस भाग मोजतो आणि तो आकडा दिसायला आकर्षक असतो.

शेवटी एक सूचना, जी पुढच्या अंकातच छापली तर बरे. लेखात ‘घरातला जुना फ्लॅशही चालेल’ असे म्हटले आहे. पॉवरचे बटण असेल तर तो प्रकाशाच्या दृष्टीने चालतो, हे खरे. पण काही जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि असा फ्लॅश थेट आजच्या कॅमेऱ्यावर चढवला तर आतले सर्किट जळू शकते. फ्लॅश चालू करून, लाल दिवा लागल्यावर, मल्टिमीटर डीसीवर ठेवून पायाची मधली पिन आणि कडेची धातूची पट्टी यांच्यातला दाब मोजावा आणि कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातील मर्यादेशी ताडून पाहावा. मर्यादा ओलांडत असेल तर तो कॅमेऱ्यावर लावूच नये. रेडिओ रिसीव्हरवर लावायचा असेल तर त्या रिसीव्हरची मर्यादा आधी वाचावी. तो जळला तरी कॅमेरा वाचतो, कारण दोघांमध्ये तार नसते.

कळावे,
आपला एक वाचक